दहाची रेघ: बडोद्यातल्या एका इन्सुलिन-मृत्यूचा अभ्यास

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरात सून सासूबाईंना चहासाठी हाक मारायला गेली. माई एरवी पाचलाच उठून जप करत बसलेल्या असत. त्या दिवशी त्या घोरत होत्या, आणि ते झोपेतले घोरणे नव्हते. उशी, पदर, केस, सगळे घामाने चिंब. हलवले, गालावर थोपटले, तरी डोळे उघडेनात. सुनेने ग्लुकोमीटर काढला. यंत्राने आकडा दिलाच नाही, पडद्यावर नुसते ‘लो’ उमटले. घरगुती यंत्रे बहुतेक करून २० मिलिग्रॅमच्या खालचा आकडा दाखवत नाहीत. घाबरून तिने साखरेचे पाणी चमच्याने तोंडात सोडले, नवऱ्याने शेजाऱ्यांची गाडी काढली आणि सहा वाजून दहा मिनिटांनी माई एका खाजगी रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षात पोचल्या.

तिथल्या निवासी डॉक्टरने शीर सापडताच आधी दोन नळ्या रक्त काढून घेतले आणि मगच २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचे द्रावण, सोडले. पुढचे सगळे प्रकरण या क्रमावर उभे आहे. पंधरा मिनिटांत साखर २१२ झाली, पण माई शुद्धीवर आल्या नाहीत. मेंदूला इजा होऊन गेली होती, त्यात तोंडात सोडलेले पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया झाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या गेल्या. वय ७१. मधुमेह २२ वर्षांचा, क्रिएटिनिन २.१, म्हणजे मूत्रपिंडे अधू, डोळ्यांच्या पडद्यांवर दोनदा लेझर झालेले.

लेक पुण्याहून पहिल्याच रात्री आली होती. जुने घर पाडून फ्लॅट बांधायचे घाटत होते, माई सही करत नव्हत्या आणि नणंद-भावजयीत वर्षभर धड बोलणे नव्हते. वॉर्डाच्या दारातच ती म्हणाली, "आईला एकादशीच्या रात्री कुणी काय टोचलं, ते मला कळलंच पाहिजे. दादा स्वतः इन्सुलिन घेतो. घरात त्याचं पेन आहे." मृत्यूनंतर रुग्णालयाने पोलिसांना कळवले, अकस्मात मृत्यूची नोंद झाली, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली, म्हणजे पूर्वीच्या १७४ खाली, पंचनामा झाला आणि शव माझ्याकडे आले.

हे प्रकरण मी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरच्या जागेवरून सांगतो आहे. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ते एकाहून अधिक अनुभवांतून बांधलेले आहे, त्यामुळे दांडिया बाजारात ते घर शोधायला कुणी जाऊ नये. इन्सुलिनविषयी जे लिहिले आहे ते मात्र कुठल्याही गावच्या टेबलावर तसेच लागू होते.

तपास अधिकारी तरुण होता आणि त्याला घाई होती. त्याने विचारले, "साहेब, खून छे के नथी, एटलुं कहो." मी त्याला म्हटले, एवढेच सांगता येत असते तर सुरीच्या जखमेसारखे दोन ओळींत सांगितले असते. इन्सुलिनच्या बाबतीत आधी चार वेगवेगळे प्रश्न सोडवावे लागतात: साखर खरोखर उतरली होती का, ती इन्सुलिनने उतरली का, ते इन्सुलिन शरीराचे होते की बाहेरचे, आणि बाहेरचे असेल तर किती, कुठले आणि कुणाच्या हातून. पहिल्या तीन प्रश्नांना प्रयोगशाळा उत्तर देते. चौथ्याचे उत्तर बहुतेक वेळा फ्रिजमध्ये असते.

मृतदेहाकडून काय मिळाले

फार थोडे, आणि ते तसेच असणार हे मला टेबलाजवळ उभे राहतानाच ठाऊक होते.

माई सुमारे ६० तास रुग्णालयात होत्या. त्या वेळात डेक्स्ट्रोज चालू होते. दुसऱ्या दिवशी साखर २८६ झाली तेव्हा अतिदक्षता विभागात त्यांना ४ युनिट इन्सुलिन दिले गेले, आणि ते देणे योग्यच होते. पण त्यामुळे मृत्यूनंतर काढलेल्या रक्तात इन्सुलिन सापडले असते तरी ते एकादशीच्या रात्रीचे की रुग्णालयाचे, हे कुणालाही सांगता आले नसते. शिवाय मृत्यूनंतर तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातले इन्सुलिन तोडणारे एन्झाइम बाहेर येते आणि नळीतल्या नळीतही इन्सुलिन कमी होत जाते. डोळ्यातल्या काचद्रवाची साखर मी नोंदीपुरती मोजून घेतली. मृत्यूनंतर पेशी साखर वापरतच राहतात, म्हणून तिथला कमी आकडा ‘मरताना साखर कमी होती’ याचा पुरावा धरता येत नाही. जास्त आकडा आला तर त्याला अर्थ असतो. आमच्या क्षेत्रात हा फरक अजूनही अहवालांत चुकतो आणि त्यापायी निरपराध माणसे पोलीस चौकीच्या बाकावर बसतात.

पोटावर सुईच्या जुन्या-नव्या खुणा होत्या. वर्षानुवर्षे टोचून बेंबीच्या दोन्ही बाजूंना चरबीचे घट्ट गोळे झालेले. डाव्या बाजूला एक खूण ताजी होती, भोवती रुपयाएवढा काळानिळा डाग. तिथली कातडी, खालची चरबी आणि स्नायूचा तुकडा मी काढला, तुलनेसाठी उजव्या बाजूचा तेवढाच तुकडा घेतला आणि दोन्ही कोरड्या डब्यांत घालून सरळ डीप फ्रीझरमध्ये ठेवले. फॉर्मालिन नाही, मीठही नाही. आपल्याकडे व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे तुकडे, मिठाच्या संपृक्त द्रावणात जातो आणि त्याची नेहमीची तपासणी कीटकनाशके, दारू, झोपेची औषधे अशा विषांसाठी असते. इन्सुलिन हे प्रथिन आहे. ते मुद्दाम मागितल्याशिवाय कुणी शोधत नाही. ‘विषारी द्रव्य आढळले नाही’ हा अहवाल इन्सुलिनबद्दल काहीच बोलत नाही, आणि घरचे लोक मात्र तो वाचून एक तर सुटकेचा श्वास टाकतात, नाही तर अहवाल फिरवला म्हणून भांडायला येतात.

त्या तुकड्यात शेवटी काही मिळाले नाही. तसेच अपेक्षित होते. टोचल्यापासून जवळजवळ तीन दिवस माई जिवंत होत्या, तेवढ्या वेळात तिथले इन्सुलिन रक्तात उतरून गेलेले असते. म्हणून ‘टोचल्या जागी इन्सुलिन नाही’ याचा अर्थ ‘टोचलेच नव्हते’ असा मी लिहिला नाही.

मेंदूने तेवढी साक्ष दिली. फॉर्मालिनमध्ये मुरवून काप घेतले तेव्हा मोठ्या मेंदूच्या सालीतल्या आणि हिप्पोकॅम्पसमधल्या, विशेषतः त्यातल्या डेंटेट भागातल्या, पेशी मेलेल्या दिसल्या. लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशी मात्र शाबूत होत्या. प्राणवायू तुटून मेंदू मरतो तेव्हा या पर्किंजे पेशी लवकर बळी पडतात, साखर तुटून मरतो तेव्हा बऱ्याचदा वाचतात. माई काही तास साखरेवाचून राहिल्या होत्या, एवढे यातून पक्के झाले. हे दिसायलाही माणूस नंतर काही काळ जगलेला असावा लागतो. पटकन मृत्यू आला असता तर मेंदूने हेही सांगितले नसते.

फ्रिजमधली नळी

पहिल्या दिवशी सकाळी साखर १८ चा आकडा बघून रुग्णालयातल्या फिजिशियनने लॅबला फोन केला होता: आधीच्या नळीतला उरलेला सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव, फेकू नका, त्यात इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर इन्सुलिन बनवते तेव्हा सुटणारा तुकडा) लावा. तेव्हा लेक अजून पुण्याहून निघायची होती, पोलिसांचा संबंधच नव्हता. त्याला फक्त साखर इतकी का उतरली हे कळायला हवे होते. लॅबमधल्या तंत्रज्ञ मुलीने तासाभरात सीरम वेगळा केला होता, तो स्वच्छ पिवळसर होता, लालसर झालेला नव्हता. चाचण्या लावून जेमतेम अर्धा मिलिलिटर उरला. तो तिने नाव, वेळ आणि ‘डेक्स्ट्रोजच्या आधी’ एवढे लिहून गोठवून ठेवला. तो अर्धा मिलिलिटर नसता तर मी या प्रकरणात ‘मत राखून ठेवले आहे’ यापलीकडे काही लिहू शकलो नसतो.

अहवाल असा होता: इन्सुलिन ६४ मायक्रो-युनिट प्रति मिलिलिटर, सी-पेप्टाइड ०.३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर.

हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून काही कळत नाही, कारण ते वेगवेगळ्या मापांत आहेत. मोठमोठ्या वकिलांना मी इथे अडखळताना पाहिले आहे. दोन्ही पिकोमोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येच्या मापात, आणायचे. इन्सुलिनच्या एका मायक्रो-युनिटला ६ पिकोमोल प्रति लिटर धरले तर ६४ चे ३८४ होतात. सी-पेप्टाइडच्या एका नॅनोग्रॅमचे ३३१ पिकोमोल, म्हणजे ०.३ चे जेमतेम १००. इन्सुलिन सी-पेप्टाइडच्या जवळजवळ चौपट.

निरोगी माणसाच्या रक्तात हे उलटे असते. स्वादुपिंड इन्सुलिन बनवते ते आधी प्रोइन्सुलिन नावाच्या लांब साखळीच्या रूपात. डोनाल्ड स्टायनरने १९६७ मध्ये हे दाखवले. ती साखळी तुटते तेव्हा एका इन्सुलिनमागे एक सी-पेप्टाइड असे जोडीनेच बाहेर पडतात. त्यातले जवळपास निम्मे इन्सुलिन यकृत पहिल्याच फेरीत उचलते आणि उरलेले दर चार-सहा मिनिटांना निम्मे होत जाते. सी-पेप्टाइडला निम्मे व्हायला अर्धा तास लागतो. म्हणून हाताच्या शिरेतल्या रक्तात रेणू मोजले तर सी-पेप्टाइडच जास्त भरते. बाटलीतल्या इन्सुलिनबरोबर सी-पेप्टाइड येत नाही. इन्सुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड नगण्य असेल तर ते इन्सुलिन सुईतून आले. माईंची मूत्रपिंडे अधू होती आणि सी-पेप्टाइड मूत्रपिंडातूनच बाहेर पडते, म्हणजे त्यांच्यात ते एरवीपेक्षा साचून जास्त दिसायला हवे होते. तरीही ०.३. घरात ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळ्यांची जुनी पट्टी सापडली होती, तिचाही प्रश्न इथेच मिटला: त्या गोळ्या स्वादुपिंडालाच पिळतात, त्यामुळे दोन्ही आकडे बरोबरीने चढतात. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या गाठीचेही तसेच.

अहवालाखाली लॅबने नेहमीची ओळ छापली होती: ‘बाहेरून दिलेल्या इन्सुलिनशी सुसंगत.’ लेकीने तो कागद तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हे बघा. लिहून दिलंय त्यांनी."

तिची चूक मला समजत होती. या विषयाचे जे प्रकरण जगभर शिकवले जाते ते तिच्याच बाजूने बोलते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये मे १९५७ मध्ये एलिझाबेथ बार्लो ही तरुण बाई बाथटबमध्ये मेलेली सापडली. नवरा केनेथ बार्लो परिचारक होता. शरीरावर मारहाण नाही, पोटात विष नाही, पण कपडे घामाने भिजलेले आणि बाहुल्या विस्फारलेल्या. डॉक्टर डेव्हिड प्राइस यांनी भिंग घेऊन कातडीचा इंच न इंच तपासला आणि नितंबांवर सुईच्या खुणा शोधल्या. त्या काळी रक्तातले इन्सुलिन मोजायची भरवशाची चाचणीच नव्हती. यालो आणि बर्सन यांची रेडिओइम्युनोअसे पद्धत १९६० च्या सुमारास आली, आणि तिच्यासाठी रोझलिन यालो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. तेव्हा रसायनतज्ज्ञ ॲलन करी आणि सहकाऱ्यांनी त्या मांसाचा अर्क शेकडो उंदरांना टोचला. उंदरांना झटके आले, ग्लुकोज दिल्यावर ते सावरले. त्यांचा हिशोब निघाला ८४ युनिट. मृत्यूनंतर स्नायूत तयार झालेल्या लॅक्टिक आम्लामुळे ते इन्सुलिन टिकून राहिले होते. डिसेंबरात बार्लोला जन्मठेप झाली.

पण एलिझाबेथ बार्लोला मधुमेह नव्हता. तिच्या अंगात सुईतले इन्सुलिन असायला काही कारणच नव्हते, म्हणून ते सापडणे हाच पुरावा ठरला. माई अकरा वर्षे रोज दोनदा इन्सुलिन घेत होत्या. त्यांच्या रक्तात बाहेरचे इन्सुलिन सापडले नसते तर आश्चर्य. ‘बाहेरून दिलेले’ या शब्दांतून ‘दुसऱ्याने दिलेले’ एवढे काढता येत नाही, ‘प्रमाणाबाहेर दिलेले’ हेही नाही. मी हे लेकीला तिच्या वहिनीसमोर नव्हे, एकटीला बसवून सांगितले. तिला ते त्या दिवशी पटले नाही.

तिने मग विचारले, ६४ वरून किती युनिट टोचले ते काढा ना. न्यायालयातही हा प्रश्न हटकून येतो. मी तो हिशोब करायला नकार दिला आणि आजही देईन. कातडीखालून इन्सुलिन किती वेगाने उतरते ते जागेवर, चरबीच्या गोळ्यांवर, प्रकारावर ठरते. मूत्रपिंडे अधू असली की ते रक्तात रेंगाळते. वर्षानुवर्षे इन्सुलिन घेणाऱ्यांच्या रक्तात त्याला धरून ठेवणारी प्रतिपिंडे असू शकतात. एका नळीवरून मागे जाऊन मात्रा सांगणारा तज्ज्ञ अंदाजाला गणिताचे कपडे घालत असतो.

भावाचे पेन

लेकीचा रोख होता तो मात्र तपासता येण्यासारखा होता. माईंचे इन्सुलिन जुन्या पद्धतीचे, ३०/७० मिश्रण, मानवी इन्सुलिन. भावाचे पेन ग्लार्जिनचे, म्हणजे रेणूत बदल केलेल्या इन्सुलिनचे. ही दोन वेगळी द्रव्ये आहेत. मानवी इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचे: ए साखळीत २१, बी साखळीत ३०. ग्लार्जिनमध्ये ए साखळीच्या शेवटच्या जागी ग्लायसिन घातलेले असते आणि बी साखळीला दोन आर्जिनिन जोडलेली. टोचल्यावर ती दोन आर्जिनिन गळून पडतात, पण ए साखळीतला ग्लायसिनचा बदल रक्तात तसाच राहतो. वस्तुमान-वर्णपटमापक, म्हणजे रोजच्या भाषेत मास स्पेक्ट्रोमीटर, हा फरक वजनावरून ओळखतो. रुग्णालयातल्या नेहमीच्या इन्सुलिन चाचणीवर इथे भिस्त ठेवता येत नाही: काही किट बदललेली इन्सुलिने ओळखतात, काहींना ती दिसतच नाहीत. म्हणून आकडा वाचण्याआधी ‘तुमचे किट कशाला ओळखते’ हे लॅबला लेखी विचारावे.

तो अर्धा मिलिलिटर बर्फात घालून, पंचांच्या सह्यांनिशी, ही तपासणी करणाऱ्या बाहेरगावच्या प्रयोगशाळेत गेला. उत्तर यायला आठवडे लागले. सीरममध्ये फक्त मानवी इन्सुलिन. ग्लार्जिन नाही, त्याचा तुकडा नाही, लिस्प्रो किंवा ॲस्पार्ट ही बदललेली इन्सुलिनेही नाहीत.

टोचलेले मानवी इन्सुलिन आणि शरीराने बनवलेले इन्सुलिन यांत मास स्पेक्ट्रोमीटरला काही फरक दिसत नाही, ते हुबेहूब एकच आहे. ते काम सी-पेप्टाइडचे. ‘बाहेरचे’ हे सी-पेप्टाइडने सांगितले, ‘भावाच्या पेनातले नव्हे’ हे मास स्पेक्ट्रोमीटरने. एकट्या कुठल्याही चाचणीने दोन्ही सांगितले नसते.

फ्रिज, डबा आणि पावती

पहिल्या पंचनाम्यात ‘इन्सुलिन, नग १’ एवढीच नोंद होती. मी तपास अधिकाऱ्याला विनंती केली की परत जा, जे जे असेल त्याचे लेबल वाचता येईल असे फोटो काढा, आणि सिरिंजही आणा. तो गेला. खरे तर त्या दिवसापासून तो मन लावून काम करू लागला.

फ्रिजच्या दारात दह्याच्या भांड्याशेजारी स्टीलचा एक उभट डबा होता. त्यात माईंची औषधे: ३०/७० ची एक रिकामी बाटली, ४० युनिट प्रति मिलिलिटर, पुढच्या वेळी दुकानात दाखवायला ठेवलेली. लाल टोपीची एक सिरिंज. आणि ३०/७० चीच एक नवी काचेची कांडी, जी पेनात घालतात ती, ३ मिलिलिटरची, १०० युनिट प्रति मिलिलिटर. खाली औषधाच्या दुकानाची पावती, एकादशीच्या संध्याकाळची, वेळ ७:४२. दुकानात बाटली संपली होती, ‘तेच औषध आहे’ म्हणून कांडी मिळाली होती.

आपल्या देशात इन्सुलिनच्या बाटल्या बहुतांशी ४० च्या ताकदीच्या, आणि पेनाच्या कांड्या १०० च्या. लाल टोपीची सिरिंज ४० साठी आखलेली, केशरी टोपीची १०० साठी. लाल टोपीच्या सिरिंजवर दहाची रेघ म्हणजे पाव मिलिलिटर. बाटलीतून तेवढे ओढले तर १० युनिट. कांडीत सुई खुपसून तेवढेच ओढले तर २५. दोन्ही औषधे सारखीच दुधाळ, दोन्हीवर ३०/७० लिहिलेले, रेघ तीच.

कांडीतून किती गेले हे मोजता येण्यासारखे होते. त्याच बॅचची न उघडलेली कांडी मागवली, कारण कारखान्यातून ३ मिलिलिटरपेक्षा किंचित जास्तच भरलेले असते आणि लेबलावरून वजाबाकी केली तर फसगत होते. दोन्ही कांड्या रासायनिक तराजूवर तोलल्या. फरक ०.२७ ग्रॅम. पाव मिलिलिटर आणि सुईत अडकणारा थेंब, एवढाच. एकदाच ओढले होते, दहाच्या रेघेपर्यंत.

मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण सिरिंज कोण भरत होते ते तोवर कागदावर आले होते. माईंना डोळ्यांमुळे रेघा दिसत नसत. गेले दीड वर्ष संध्याकाळची सिरिंज नातू भरून देत होता, अकरावीतला मुलगा. टोचून माई स्वतः घेत.

एक गाठ अजून सुटायची होती. लेकीने ग्लुकोमीटरची मेमरी पाहिली होती. त्यात ‘लो’ ची वेळ रात्री १२:०५ होती. तिचे म्हणणे होते की साखर मध्यरात्रीच कोसळली होती, हे दादा-वहिनीला ठाऊक होते आणि त्यांनी आईला सकाळपर्यंत तसेच पडू दिले. आरोप भयंकर होता आणि यंत्र तिच्या बाजूने बोलत होते. मी आधीचे वाचन पाहिले: १४१, दुपारी २:३५. पण माईंची साखर दुपारी कधीच तपासत नसत, रात्री इंजेक्शनच्या आधी तपासत. आणि सून रोज त्या वाचनाचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकत असे, नणंदेला कळावे म्हणून. बोलणे बंद होते, फोटो चालू होते. पुण्याच्या फोनमध्येच तो होता: १४१, रात्री ८:०५. यंत्राचे घड्याळ साडेपाच तास मागे होते, विकत आणल्यापासून कुणी लावलेच नव्हते. १२:०५ म्हणजे पहाटे ५:३५.

लेक तो फोटो बराच वेळ बघत बसली होती. मग तिने फोन पालथा ठेवला.

उरले ते असे जुळत गेले. आषाढी एकादशी, बडोद्यात विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक. माईंनी दुपारी दोन घास भगर आणि दाण्याची आमटी घेतली, रात्री नुसते एक केळे. साखर १४१ बघून रोजचीच मात्रा घेतली. डॉक्टरांनी उपवासाच्या दिवशी मात्रा कमी करायला सांगितले होते का, हे चिठ्ठीवर कुठे नव्हते. २५ युनिट, त्यातला ७० टक्के भाग मंद, रात्रभर चालणारा, मूत्रपिंडे अधू म्हणून आणखी रेंगाळणारा, आणि पोटात काही नाही. पहाटेच्या ५:३५ पर्यंत मेंदूने किती तास साखरेवाचून काढले ते सांगता येत नाही, पण हिप्पोकॅम्पसचे काप सांगतात की ते पुरेसे होते.

अभिप्राय मी असा दिला: मृत्यूचे कारण, तीव्र हायपोग्लायसेमियाने, म्हणजे रक्तातली साखर फार उतरल्याने, मेंदूला झालेली इजा आणि त्यानंतरचा न्यूमोनिया. प्रवेशावेळच्या सीरममध्ये बाहेरून घेतलेले मानवी इन्सुलिन, इतर कुठल्याही इन्सुलिनचा अंश नाही. जप्त केलेली कांडी, सिरिंज आणि पावती यांवरून ४० च्या सिरिंजने १०० च्या कांडीतून एक मात्रा भरली गेली असे दिसते आणि वैद्यकीय निष्कर्ष त्याच्याशी जुळतात. घरात आणखी कुठून मानवी इन्सुलिन आले नव्हते हे माझ्या चाचण्या सिद्ध करत नाहीत, ते पंचनाम्याचे आणि दुकानाच्या नोंदींचे काम आहे. ‘खून नाही’ असे वाक्य मी लिहिले नाही. ते लिहिणे डॉक्टरचे काम नाही. तपास अधिकाऱ्याने दुकानाच्या वह्या तपासल्या, शेजाऱ्यांचे जबाब घेतले आणि अपघाती मृत्यूचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे पाठवला. तो देताना त्याने मला विचारले, "साहेब, मारा बा पण इन्सुलिन ले छे. लाल टोपी के केशरी, क्यां जोवानुं?" मी त्याला दोन्ही सिरिंजा काढून दाखवल्या.

अहवालानंतर सूनबाई नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. आत्याही बरोबर होती, दाराशी उभी राहिली, मग येऊन त्याच्याशेजारच्या खुर्चीवर बसली. मुलाला सगळे समजले होते, चाळीस आणि शंभरचे गणित त्याने स्वतःच करून पाहिले होते. त्याने मान वर न करता विचारले, "डॉक्टरकाका, मी दहालाच थांबलो होतो ना? जास्त नव्हतं ना भरलं?"

मी त्याला तराजूची नोंद दाखवली. ०.२७. "बरोबर दहाच्या रेघेवर," मी म्हटले, "एक थेंबही वर नाही." आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. कांडी आणि पेन यांबद्दल त्याला पुढे बरेच सांगायचे होते, ते त्या दिवशी सांगितले नाही.